एका ओढीत सुटणारी गाठ

बातमी आली तेव्हा शाळेत जेवणाची सुट्टी व्हायला दहा मिनिटं होती. मंडल कार्यालयातला ओळखीचा कारकून फोनवर म्हणाला, "म्याडम, तुमच्या शाळेत स्वयंपाक करतात त्या बाईंचा मुलगा मिलिटरीत आहे ना... संघपालच ना नाव?" आणि पुढं काही बोलेना. सीमेवर लढाई पेटून आठवडा झाला होता. तो आठवडाभर संघपालची आई, आमच्या गयाबाई, रोज सकाळी मला एकच विचारायच्या, "बाई, फोन आला का?" त्यांचा फोन लागला नाही की तो माझ्या फोनवर करायचा. मी उठले, स्वयंपाकाच्या शेडपर्यंत गेले. गयाबाई सांबारात डाव फिरवत होत्या. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडं पाहिलं, चुलीतलं लाकूड मागं ओढलं आणि म्हणाल्या, "थांबा बाई. लेकरायचं जेवण होऊ द्या. मंग सांगा." त्यांनी साऱ्या पोरांना वाढलं. कुणाला भात कमी पडला तर पुन्हा घातला. शेवटचं ताट धुवून पालथं घातलं, पदराला हात पुसले आणि माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "हं. आता सांगा."

या गोष्टीला आता काही आठवडे झाले. त्या दिवशी काय सांगितलं, कसं सांगितलं, ते मला आठवत नाही आणि आठवायचंही नाही. मला लिहायचं आहे ते संघपालविषयी, आणि त्याच्याविषयी लिहायचं तर एका गाठीविषयी लिहावं लागेल.

आमचं गाव तेलुगू मुलखात, बाजारहत्नूरच्या पलीकडं, कापसाच्या आणि ज्वारीच्या वावरांत. शाळा सरकारी, पण मराठी माध्यमाची. वरून येणारे कागद तेलुगूत, बाजार हिंदीत, आणि पोरं एकमेकांना शिव्या देणार त्या मात्र शुद्ध आपल्या बोलीत. मी बदलून आले तेव्हा संघपाल तिसरीत होता. बाप तो रांगत असतानाच गेलेला. गयाबाई तेव्हा शाळेत नव्हत्या, दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचायच्या. माझा स्वभाव पहिल्यापासून कडक. पोरांनी माझं नाव मिरचीबाई ठेवलं होतं, हे मला कळायला एक महिनाही लागला नाही. ते नाव कुणी ठेवलं हे कळायला मात्र बारा वर्षं लागली. त्यानंच ठेवलं होतं. भरती झाल्यावर स्वतःच येऊन कबूल केलं, आणि वर म्हणाला, "आता मारू नोका बाई, मी सरकारी माणूस हाये."

माझा इथला पहिला पंधरा ऑगस्ट. झेंडा मीच बांधला, अगदी पुस्तकात पाहून, आकृतीप्रमाणे. आत झेंडूच्या पाकळ्या घातल्या. पण आदल्या दिवसापासून पाऊस लागून राहिलेला आणि दोरी सुताची. ती भिजून फुगली आणि गाठ आवळून बसली. गावचे पटेल पाहुणे म्हणून आले होते. त्यांनी दोरी ओढली. पुन्हा ओढली. मग दोन्ही हातांनी ओढली, तर खांबच हलायला लागला. वर झेंड्याचं गाठोडं लोंबतंय आणि खाली सगळं गाव माना वर करून उभं. मागून कुणीतरी फिसकन हसलं. एवढ्यात रांगेतून एक अनवाणी पोरगं सुटलं आणि माझं "अरे, अरे" होईपर्यंत ओल्या खांबावर सरसर चढून गेलं. त्यानं दातानं गाठ सोडवली. झेंडा उघडला, पाकळ्या सगळ्या त्याच्याच डोक्यावर पडल्या, आणि गावानं टाळ्यांचा कडकडाट केला. तो खाली उतरला तशी मी त्याच्या गालावर एक ठेवून दिली. पडला असतास तर, म्हणाले. पण खरं सांगते, मला राग त्याच्या चढण्याचा आला नव्हता. माझी फजिती झाली होती आणि ती एका तिसरीतल्या पोरानं निस्तरली होती. गालावर हात धरून तो माझ्याकडं बघत राहिला. डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज ठणठणीत. म्हणाला, "पण उघडला ना, बाई?"

त्याच वर्षी हिवाळ्यात मी आणखी एक चूक केली. ही मला अजून टोचते. वरचे साहेब तपासणीला आले होते आणि नेमक्या त्याच वेळी गयाबाई पोराची विसरलेली भाकर घेऊन वावरातून तशाच शाळेत आल्या. कमरेला कापसानं टम्म भरलेलं फडकं बांधलेलं. त्या फडक्याला आमच्याकडं ओटी म्हणतात. वेचलेला कापूस दिवसभर त्यात टाकत जायचं, भरली की ढिगावर रिकामी करायची. मी साहेबांसमोर, पोरांसमोर, त्यांच्या लेकरासमोर म्हणाले, "हे काय कमरेला बांधून आलात? शाळा आहे ही, वावर नाही." गयाबाई वळल्या. बाहेर जाऊन लिंबाच्या झाडाखाली त्यांनी ओटीचं एक टोक ओढलं, सगळा कापूस एकदम खाली आला, आणि त्या रिकाम्या फडक्यानं आत येऊन भाकर देऊन गेल्या. हे मी डोळ्यांनी पाहिलं. पाहून काहीच शिकले नाही. आणि यातली लाजिरवाणी गोष्ट पुढंच आहे. माझी स्वतःची आई अशीच ओटी बांधून दुसऱ्यांचा कापूस वेचायची. त्याच कापसावर मी शिकले, बाई झाले, इस्त्रीची साडी नेसले, आणि ओटी नजरेसमोर आली की मला कुणीतरी माझं जुनं नाव घेऊन हाक मारल्यासारखं व्हायचं...

पुढच्या सव्वीस जानेवारीला संघपाल समोर येऊन उभा राहिला. "बाई, झेंडा मी बांधतो." मी नाही म्हणणार होते, पण मागची फजिती आठवली. त्यानं घडी घातली, पाकळ्या घातल्या, दोरीचा एक फेरा घेऊन टोक दुमडून आत सारलं. दहा सेकंदांचं काम. वर चढवताना गाठोडं जागचं हललं नाही, आणि ओढताच झेंडा असा उघडला की पटेलांनाही नवल वाटलं. कुठं शिकलास, विचारलं तर नुसता हसला. "तुमाले नाही जमणार, बाई." मी समजले, पोर हुशार आहे, स्वतःच्या डोक्यानं काढली असेल. तेव्हापासून शाळा सोडेपर्यंत, आणि सोडल्यावरही, झेंडा त्यानंच बांधायचा हे ठरून गेलं. तो पावसात बांधो की थंडीत, एका ओढीत उघडायचा.

भरतीसाठी तो तळ्याच्या बांधावर पळायचा आणि मी घड्याळ धरून उभी राहायचे. पहिल्या खेपेला तो पळण्यात नाही, छातीच्या मापात बाद झाला. परत आला तो तोंड पाडून. मी म्हटलं, "छाती फुगवायला काय लागतं रे, मला बघ, साहेब आले की दोन इंच वाढते." दुसऱ्या खेपेला निवड झाली. गयाबाईंनी गावभर गूळ-शेंगदाणे वाटले, आणि पहिला घास आणून दिला तो मला. मी त्यांना ओटीवरून बोलले होते हे त्या विसरल्या असतील, असं मी त्या दिवशी स्वतःला समजावलं. पुढं शाळेत स्वयंपाकाचं काम निघालं तेव्हा मीच त्यांचं नाव सुचवलं. त्यानं माझं मन थोडं हलकं झालं, पण थोडंच.

तो गेल्यावर आमच्या झेंड्याचे हाल झाले. एक तर उघडायचा नाही, नाहीतर चढता चढताच उघडायचा आणि पाकळ्या सरपंचांच्या तोंडावर. पण दर वर्षी दोन्ही दिवशी, सकाळी सव्वाआठला, माझा फोन वाजायचा. कुठल्या तरी डोंगरावरून, वाऱ्याच्या घोंगावण्यातून आवाज यायचा. "बाई, उघडला का?" मी खोटं सांगायचे, "उघडला की, एकदम झक्कास." तो हसायचा. त्याला कळायचं. एकदा त्याच्या फोनला रेंज नव्हती म्हणून त्यानं एका सोबत्याच्या फोनवरून केला. तो नंबर मी 'संघपाल मित्र' म्हणून साठवून ठेवला आणि विसरून गेले.

शेवटचा तो सुट्टीवर आला होता उन्हाळ्यात. आई मुली दाखवून राहिली होती आणि हा निर्मलला जाऊन शाळेतल्या पोरांसाठी लाकडी खेळण्यांची पिशवी भरून घेऊन आला. "मुलगी पाहायला गेलता नं?" गयाबाई ओरडल्या. "पाह्यली न. लाकडाची होती," म्हणाला. जाताना माझ्या टेबलाजवळ बसला, पेपरवेट फिरवत राहिला. मी म्हटलं, या वेळी तरी ती गाठ शिकवून जा. म्हणाला, "आई हाये नं शाळेत, तिले इचारा." मला वाटलं, थट्टा करतोय. मी विचारलं नाही.

तो आला ते नागपूरहून सडकेनं, फुलांनी भरलेल्या गाडीत. मुख्य सडकेपासून गावापर्यंत दोन्ही बाजूंना माणसं उभी होती. कापसात निंदायला गेलेल्या बाया हातात विळे तसेच घेऊन रस्त्यावर आल्या होत्या. तेलुगू बोलणारे, मराठी बोलणारे, गोंडी बोलणारे, सगळे एकाच पोराचं नाव घेत होते. माझ्या शाळेतली पोरं गणवेशात, एका ओळीत, कुणी न सांगता ताठ उभी. मी रडत होते आणि त्याच वेळी माझी मान अशी काही वर झाली होती की मला स्वतःचीच गंमत वाटली. विहारापुढं वंदना झाली, बंदुकांची सलामी झाली. मग त्याच्यासोबत आलेले मेजर साहेब गयाबाईंच्या समोर गुडघ्यावर बसले. तरुण होते. हिंदीत त्यांनी जे सांगितलं ते मी शेजारी बसून ऐकलं. तोफांचा मारा चालू होता आणि वरच्या चौकीत तीन जखमी अडकले होते. उतार असा की दोन्ही हात मोकळे असल्याशिवाय उतरता येत नाही. संघपालनं पहिल्याला पाठीवर घेतलं, दोरीनं स्वतःशी बांधलं, खाली आणलं, दोरीचं टोक ओढलं, जखमी अलगद खाली. लगेच पुन्हा वर. दुसऱ्यालाही असंच आणलं. तिसऱ्यासाठी वर जाताना गोळा पडला. "हम सब वो गाँठ जानते हैं, माताजी," मेजर म्हणाले. "यूनिट का झंडा भी वही बाँधता था. पूछो तो बोलता था, मेरी माँ कपास बीनती है, ये उसकी ओटी की गाँठ है."

मी खाली बघितलं. इतकी वर्षं मी त्याला विचारत होते, आणि तो मला का सांगत नव्हता ते मला त्या क्षणी कळलं. ओटीचं नाव माझ्यापुढं कोण काढणार? जी गोष्ट त्यानं सबंध पलटणीला छाती काढून सांगितली, ती त्यानं माझ्यापासून लपवली, कारण मीच त्याला त्या तपासणीच्या दिवशी ती लपवायला शिकवलं होतं.

घडी केलेला तिरंगा गयाबाईंच्या हातात दिला गेला. लोक पांगल्यावर त्यांनी तो माझ्या हातात ठेवला. "हे शाळेतच ठेवा बाई. मले घरात नोको." मी कपाटात ठेवला. दुःख ताजं आहे, निवळेल, असं मला वाटलं. पण ऑगस्ट उजाडला आणि आमचा तरुण सरपंच, मल्लेश, त्यांच्या घरी जाऊन म्हणाला, "अम्मा, या वर्षी नुव्वे लागाली," दोरी तूच ओढायची, तेव्हा गयाबाईंनी साफ नाही म्हटलं. मी समजवायला गेले. त्या डाळ निवडत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "बाई, साहेबानं सांगतलं ते तुमी बी आयकलं नं? गाठ एका झटक्यात सुटे, म्हून तो तिसऱ्यांदा गेला. साधी गाठ असती तं सोडवाले येळ लागला असता. तेवढ्यात गोळा पडून गेला असता. माहं लेकरू खालीच राह्यलं असतं." डाळीतला खडा बाजूला टाकून म्हणाल्या, "माह्याच गाठीनं नेला त्याले. आता ते गाठ मी बांधत नाही. वावरात बी नाही."

त्या दिवशी पहिल्यांदा मी माझी चूक बोलून दाखवली. लिंबाखालची. म्हटलं, गयाबाई, मी तुम्हाला ओटीवरून बोलले होते... त्या म्हणाल्या, "मले ठाऊक हाये. इसरलो नाही." आणि डाळ निवडत राहिल्या. मी उठून आले.

पंधरा ऑगस्टला झेंडा पुन्हा मीच बांधला. रात्रभर झड लागलेली, दोरी ओली. गयाबाई नेहमीप्रमाणे शेडमध्ये होत्या, चुलीवर भाताचं आधण. मल्लेशनं दोरी ओढली. गाठोडं वर गेलं, आणि अडकलं. पुन्हा ओढली. तेच. ज्या गावाचं पोरगं पलटणीचा झेंडा बांधायचं, त्या गावाचा झेंडा त्याच्या मरणानंतरच्या पहिल्याच पंधरा ऑगस्टला बंद गाठोडं होऊन लोंबत होता, आणि या वेळी मागं कुणी हसतसुद्धा नव्हतं.

सव्वाआठला माझ्या हातातला फोन वाजला. सवयीनं मी तो हातातच धरला होता, का ते विचारू नका. पडद्यावर नाव होतं, संघपाल मित्र. पलीकडून कुणीतरी म्हणालं, "मॅडम, नमस्ते. मैं देवेंदर. अस्पताल से बोल रहा हूँ. वो हर साल पूछता था ना, तो हमने सोचा... झंडा खुल गया?" मागून आणखी दोन-तीन आवाज आले, सगळा वॉर्ड कान लावून असावा. मला खोटं बोलता आलं नाही. म्हटलं, "नहीं खुला, बेटा. अटक गया." त्यानं ते वॉर्डाला सांगितलं. मग म्हणाला, "माताजी हैं वहाँ?"

मी शेडकडं अक्षरशः पळाले आणि फोनचा आवाज मोठा करून गयाबाईंपुढं धरला. "माताजी," तो पोरगा म्हणाला, "पहला मैं था. मुझे लाया वो. नीचे आकर उसने बस एक बार डोरी खींची, और मैं ज़मीन पर. मेरी टाँग से खून जा रहा था. डॉक्टर बोला, दो मिनट और लगते तो तू नहीं बचता. मेरी एक बेटी है, माताजी, चार महीने की. मैंने अभी देखी नहीं. परसों देखूँगा." भाताला उकळी फुटली होती. गयाबाई फोनकडं बघत उभ्या होत्या. मग त्यांनी आपल्या हिंदीत विचारलं, "अन् दुसरा? वो कैसा हाय?" "बाजू के पलंग पे है, माताजी. सुन रहा है."

गयाबाईंनी चुलीतलं लाकूड मागं ओढलं. पदराला हात पुसले. शेडमधून बाहेर आल्या आणि सगळ्या गावासमोरून चालत खांबापाशी गेल्या. मल्लेश बाजूला झाला. त्यांनी झेंडा खाली घेतला, माझी गाठ नखांनी सोडवली, आणि माझ्याकडं बघून म्हणाल्या, "किती आवळता वो बाई! जीव गुदमरते त्याचा." लोक हसले, खरंच हसले, आणि मीही. मग त्यांनी नवी घडी घातली, पाकळ्या झटकून पुन्हा भरल्या, एक फेरा, एक दुमड. चढवला. क्षणभर वर बघत थांबल्या. आणि एका ओढीत...

झेंडा असा उघडला की वाऱ्यानं फडफडतानाचा आवाज फोनमध्येही गेला असावा, कारण दूरच्या त्या वॉर्डात कुणीतरी जोरात ओरडलं. मी फोन तोंडाशी धरला आणि पहिल्यांदाच खरं सांगितलं, "खुल गया." पोरं राष्ट्रगीत म्हणत होती. ते संपताच गयाबाई वळल्या. "भात लागन बाई," म्हणाल्या आणि शेडकडं गेल्या.

दुपारी सगळं आवरल्यावर त्या माझ्या खोलीत आल्या. हातात ओटीचं धुतलेलं पांढरं फडकं होतं, मऊ पडलेलं, कडेला कापसाच्या बोंडांचे जुने डाग. "द्या माहं लेकरू माह्या घरी," म्हणाल्या. मी कपाट उघडून तिरंगा दिला. त्यांनी तो फडक्यावर ठेवला, पण बांधला नाही. फडक्याची टोकं माझ्या हातात दिली. "बांधा तुमीच. मी सांगतो." माझ्या आईचे हात मला आठवले, कापसाच्या बोंडांनी चिरलेले. एक फेरा घेतला. टोक दुमडलं. आत सारलं. गयाबाईंनी गाठोडं उचलून पाहिलं, हलवून पाहिलं. मग म्हणाल्या, "वढा."

मी टोक ओढलं. फडकं टेबलावर चारी बाजूंनी मोकळं झालं.

"उघडला नं, बाई," गयाबाई म्हणाल्या.